गिफूचं कीटक म्युझियम आणि आपली बोंडअळी

गावाकडच्या ग्रुपवर परत कापसाचं बोंड आतून खाणाऱ्या गुलाबी बोंडअळीवरून जुंपलीय. कोण बियाणं कंपनीला धरतंय, कोण सरकारला, आणि एकानं लिहिलं की चूक शेतकऱ्याचीच, दुकानदार देईल ते डोळे झाकून फवारतो. हे वाचून फार राग आला, कारण नुकताच जपानमधल्या गिफूला जाऊन आलोय.

नागोयाहून ट्रेननं वीसेक मिनिटं. किंका डोंगराच्या पायथ्याशी नावा कीटक संग्रहालय आहे, १९१९ सालचं, अजूनही नावा घराणंच चालवतं. ते काढणारे कीटक-अभ्यासक यासुशी नावा, त्यांना १८८३ मधे पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचं फुलपाखरू सापडलं, तेच आजचं गिफू फुलपाखरू (त्याच साली मुंबईत बीएनएचएस, म्हणजे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी ही निसर्ग-अभ्यासकांची संस्था सुरू झाली, म्हणजे आपणही काही मागे नव्हतो). पण ते फुलपाखरांवर थांबले नाहीत, १८९६ ला स्वतःची संस्था काढली, पुढच्या वर्षी मासिक सुरू केलं, आणि पिकाला खाणारी कीड कुठली न् त्या किडीला खाणारा मित्रकीटक कुठला हे लोकांना सांगण्यात आयुष्य घातलं.

तळमजल्यावर गोल लाकडी खांब आहेत, नारा शहरातल्या तोशोदाइजी या जुन्या मंदिराचे, वाळवी लागली म्हणून दुरुस्तीत काढलेले. तेच इथं उभे केलेत! वाळवी काय करते ते सांगायला वेगळा तक्ता कशाला हवा.

जपान फवारत नाही असं अजिबात नाही, इथंही भरपूर फवारतात. आणि आपल्याकडे काहीच नाही असंही नाही, कृषी विद्यापीठं आहेत, मादीच्या वासानं नर पतंग पकडणारे कामगंध सापळे आहेत, २०१५ ला राणी पाकोळीला राज्य फुलपाखरू करणारं महाराष्ट्र हे देशातलं पहिलं राज्य. पण २०१७ ला यवतमाळमधे फवारणीच्या विषबाधेनं वीसहून जास्त माणसं गेली, आणि त्यानंतरही आपण भांडतोय ते औषध कुठलं यावरच. ढालकिडा कपाशीवरचा मावा (रस शोषणारी बारीक कीड) खातो, त्याची अळी कशी दिसते, हे त्या शेतकऱ्याला कुणी समोर बसून दाखवलं का? नसेल दाखवलं तर डोळे झाकले कुणी?

बीएस्सी अ‍ॅग्रीच्या पोरांना कीटक जमवून पेटी सबमिट करावीच लागते. त्या पेट्या कपाटात धूळ खाण्यापेक्षा जून-जुलैत आठवडी बाजारात मांडा, शेजारी ती पोरंच बसवा. याला ना नवीन बिल्डिंग लागते ना टेंडर.