पाडण्याआधी मोजून तर बघा

पुण्यातल्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर सध्या एकच विषय चालू आहे, रिडेव्हलपमेंट. कार्पेट एरिया किती वाढणार, बिल्डर सोसायटीला कॉर्पस म्हणजे एकरकमी निधी किती देणार, बांधकाम चालू असताना भाडं किती महिने मिळणार. इमारत १९८४ची. आई सगळ्यात वरच्या मजल्यावर राहते. मे महिन्यात रात्री अकरा वाजतासुद्धा तिच्या बेडरूमचा स्लॅब तापलेला असतो, म्हणून ती हॉलमध्ये चटई टाकते. त्याबद्दल ग्रुपवर कुणी चकार शब्द काढत नाही.

मी नेदरलँड्समध्ये टिलबर्गला राहतो. आमच्या मागच्या गल्लीत साठच्या दशकातली, एकमेकांना चिकटलेली, एकाच साच्याची भाड्याची घरं आहेत. त्यांची मापं लेझरने घेतली आणि बाहेरून लावायच्या उष्णतारोधक भिंती कारखान्यात तयार झाल्या, खिडक्या-काचांसकट. एका सकाळी क्रेनने त्यातली एक अख्खी भिंत उचलून जुन्या विटांना टेकवली. आतल्या आजी तेव्हा कॉफी करत होत्या. घर सोडायची वेळच आली नाही. छतावर सोलर आलं, विजेवर घर गरम करणारा हीटपंप आला, गॅसचं कनेक्शन तुटलं. दहा दिवसांत काम आटोपलं.

या पद्धतीला इथे एनर्जीस्प्रोंग म्हणतात. वर्षभरात घर वापरेल तेवढी वीज तेच तयार करेल, याची ठेकेदार लेखी हमी देतो. वीज-गॅसच्या बिलाऐवजी भाडेकरूने घरमालक संस्थेला ठरावीक रक्कम द्यावी, अशी सोय २०१६च्या कायद्याने केली. अर्थात सगळं सुरळीत झालं असं नाही. बांधकाम कंपन्या आणि घरमालक संस्थांच्या २०१३च्या करारात १,११,००० घरांचं उद्दिष्ट होतं. त्याच्या जवळपासही कुणी पोचलं नाही. खर्च हवा तेवढा उतरला नाही, कारण कारखाना चालायला सलग मोठी कामं लागतात.

एकाच नकाशाच्या इमारती तर आपल्याकडेही ओळीने उभ्या आहेत, सिडकोच्या आणि म्हाडाच्या वसाहतींत. आपल्याला हीटपंप नको. गच्चीवर उष्णतारोधक थर, पश्चिमेच्या भिंतीला आडोसा, खिडक्यांवर नीट छज्जे, एवढं हवं. तेही एकेका सोसायटीने गवंडी शोधत न बसता, शंभर इमारतींचं माप एकदम घेऊन. सळया गंजून गेल्या असतील तर इमारत पाडावीच लागेल, त्यात वाद नाही. पण स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे इमारतीच्या मजबुतीची तपासणी, न करताच पाडायचं ठरवणं मला पटत नाही.

रविवारी विशेष सभा आहे. मतदानाआधी ऑडिट करावं आणि गच्चीच्या कामाचं कोटेशन मागवावं, असं पत्र आईने सही करून सेक्रेटरींना दिलं आहे.