कापूस घासायच्या आधी सुरी पाहा

आजच्या आठवडी बाजारात टरबुजाच्या (म्हणजे कलिंगडाच्या) ट्रॉलीपाशी एक गडी कापसाचा बोळा घेऊन उभा. शेतकऱ्याला तीन टरबुजं कापायला लावली, गरावर कापूस खसाखसा घासला, बोळा गुलाबी झाल्याबरोबर "पाहा, रंगाचं इंजेक्शन!" म्हणत व्हिडिओ काढला आणि एकही न घेता चालता झाला. एकवेळ तेही सोडून देऊ. पण दहा पावलांवर तोच गडी हातगाडीवरच्या कापून ठेवलेल्या फोडींची प्लेट चाटूनपुसून खात होता. फोडींवर माश्या घोंगावत होत्या. डोकं सणकलं ते तिथं.

अरे बाप्पा, टरबूज म्हणजे काय पोकळ पिशवी आहे, रंग भरायला? सुईतून रंग सोडला तर तो सुईच्या वाटेवरच डाग पाडेल, गरभर सारखा पसरणार नाही. भोकातून रस झिरपेल आणि आपल्याकडच्या उन्हात फळ आंबून फसफसेल. ट्रॉलीभर माल असा टोचत बसायला कोणाला वेळ आहे? तो लाल रंग लायकोपीनचा, म्हणजे फळातल्याच नैसर्गिक रंगद्रव्याचा. १०० ग्रॅम गरात साधारण साडेचार मिलिग्रॅम, म्हणजे कच्च्या टमाट्यापेक्षा जास्तच. दाबून घासलं तर लाल कण कापसाला लागणारच. मधोमध भेग दिसली तर तीही म्हणे इंजेक्शनची! परागीभवन अपुरं झालं, पाणी कमीजास्त झालं की फळ आतून फाटते. पांढऱ्या बिया म्हणजे नुसत्या न भरलेल्या बिया.

कापसाची चाचणी एफएसएसएआयनंच, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा संस्थेनंच दाखवली होती, मान्य. कापलेल्या फोडींवर, ज्यूसमध्ये रंग मारणारेही असतात. मग तपास तिथं करा ना! लायकोपीन पाण्यात विरघळत नाही. फोड ग्लासभर पाण्यात सोडा. पाणी थोडं गढूळ होऊन कण खाली बसले तर तो गर आहे. सगळं पाणी पटकन एकसारखं गुलाबी झालं तर खुशाल भांडा. पण भांडण प्लेटवाल्याशी. ज्यानं डांगरवाडीत नदीच्या रेतीत आळी करून, नाहीतर वावरात मल्चिंगचा प्लास्टिक कागद अंथरून दोन-अडीच महिने वेल राखला, त्याच्याशी नाही.

आणि पोट बिघडते ते कशानं? टरबुजाच्या गरात आंबटपणा फार कमी, साखर आणि पाणी भरपूर. जंतूंना आणखी काय पाहिजे! साल मातीत लोळलेली असते. न धुता सुरी घातली की सालीवरची घाण थेट गरात उतरते. म्हणून आधी अख्खं फळ वाहत्या पाण्याखाली हातानं चोळून धुवा, पुसा, मग धुतलेल्या सुरीनं कापा. उरलेलं झाकून फ्रीजमध्ये. एरवी कापलेलं फळ बाहेर दोन तास चालते, पण पारा ३२ च्या वर असेल तर एकच तास. आपल्याकडे मे महिन्यात ४५ असतो, तुम्हीच हिशोब लावा. "टरबुजावर पाणी प्यालो म्हणून हगवण लागली" म्हणणाऱ्यांनी आधी तो बर्फ, ती सुरी आणि त्या माश्या आठवाव्या. आमचा कापूसवाला तर आठवणारच नाही, तो उद्या ट्रॉलीवाल्यालाच शिव्या घालेल.

आता टरबुजाला धन्वंतरी करून टाकणाऱ्यांसाठी. १०० ग्रॅममध्ये ९१-९२ ग्रॅम पाणी, जेमतेम ३० कॅलरी, ६ ग्रॅम साखर, ८ मिलिग्रॅम क जीवनसत्त्व, ११२ मिलिग्रॅम पोटॅशियम. उन्हाळ्यात यापेक्षा चांगला नाश्ता कोणता? पण सोडियम जवळपास नाहीच, आणि घामातून पाण्यासोबत जाते ते मुख्यतः मीठच. त्यामुळे वावरातून घामाघूम आलेल्या माणसाला नुसतं टरबूज पुरत नाही. एक लिटर स्वच्छ पाण्यात सपाट सहा चहाचे चमचे साखर, अर्धा चमचा मीठ, हे आधी. माणूस बरळायला लागला, अंग तापलं, तर टरबूजही नको आणि कांदाही नको. सावलीत घ्या, अंगावर पाणी मारा, वारा घाला, १०८ ला फोन लावा.

शुगर असलेल्यांनी छोटी वाटीभर फोडी खायला हरकत नाही, ज्यूस मात्र नको. किडनीच्या पेशंटनी डॉक्टरला विचारल्याशिवाय हात लावू नये; दोन किलो गर म्हणजे सव्वादोन ग्रॅम पोटॅशियम झालं.

घेताना देठाजवळचा ताणा वाळलेला आणि जमिनीला टेकलेला भाग पिवळसर पाहून घ्या. ताणा झडला असेल तर तो पिवळा डागच पाहायचा. पांढराफटक डाग असेल तर फळ कच्चं, आणि तोडल्यावर टरबूज गोड होत नाही, घरी आठ दिवस ठेवलं तरी. अख्खं फळ सावलीत ठेवा, फ्रीजची घाई नको.

साल लगेच गुरांपुढे टाकू नका. वरची हिरवी पाठ सोलून पांढरा भाग बारीक चिरा. मोहरी, लसूण, हिरव्या मिरचीची फोडणी, हळद, मीठ, वर झाकण. पाणी घालायचं नाही, सालीच्या भाजीला भरपूर सुटते. ते आटलं की मूठभर दाण्याचा कूट घाला, आणि भाकरी गरम असतानाच वाढा.