बाईचा सिनेमा चालत नाही, हे सिद्ध कसे करावे

निर्माते हो, काळ कठीण आहे. बाईला दिग्दर्शन जमत नाही, असे आता चारचौघांत बोलायची सोय राहिलेली नाही. तेव्हा बोलू नका. उलट सिनेमा तिलाच द्या, नारळ फोडा, फोटो काढा, आणि तो पडेल अशी व्यवस्था करा. नकार दिला तर कारण द्यावे लागते. पडलेला सिनेमा हे कारण तयारच असते, आणि ते पुढच्या दहा जणींना पुरते.

सुरुवात शेड्यूलपासून. ११० पानांची पटकथा म्हणजे ढोबळमानाने ११० मिनिटांचा सिनेमा. रोज पावणेतीन पाने काढली तर ४० दिवस लागतात. तिला २२ द्या, म्हणजे दिवसाला ५ पाने झाली. १२ तासांच्या शिफ्टमधून जेवण आणि पहिले लाइटिंग वजा जाता साडेनऊ तास उरतात. कॅमेरा हलवून, पुन्हा लाइट लावून शॉट घ्यायला ३८-४० मिनिटे धरा, की दिवसाला १४-१५ सेटअपच्या वर गाडी जात नाही. पानाला जेमतेम ३. आता दोन माणसे समोरासमोर बसून एक पानभर बोलतात, एवढ्या साध्या प्रसंगालाही एक मास्टर (अख्खा प्रसंग दाखवणारा शॉट), दोघांच्या खांद्यांवरून एकेक आणि दोन क्लोजअप, असे ५ सेटअप लागतात. त्यातले कोणते दोन सोडायचे हे तिचे तिला ठरवू द्या. कलाकाराच्या स्वातंत्र्यात ढवळाढवळ नको. पुढे समीक्षक लिहितीलच की ऐन भावनिक प्रसंगांत कॅमेरा लांब राहतो आणि हाताळणी कच्ची वाटते.

कॅमेरामन मात्र तुम्ही निवडा. अनुभवी, भारदस्त, कुणाचे न ऐकणारा. ती म्हणेल, "३५ची लेन्स लावा." तो म्हणेल, "मॅडम, ५० छान दिसेल," आणि म्हणता म्हणता ५० लावूनही टाकेल. ३५मध्ये नायिकेच्या मागची खोली दिसते, तिथला पसारा दिसतो, आणि प्रसंग त्या पसाऱ्याचाच असतो. ५०मध्ये नुसती नायिका दिसते. पण हा वाद घालायला वेळ कुठे आहे? असिस्टंट तिच्याकडे नाही, मॉनिटरमागे बसलेल्या तुमच्याकडे बघेल. तुम्ही मोबाइलमधून मान वर करायची, बोलायचे काही नाही. तिने लेन्स बदलायला लावली तर बाई हट्टी. नाही लावली तर बाईंची सेटवर पकड नाही. दोन्ही वाक्ये युनिटमध्ये आधीच पेरून ठेवावीत, ऐनवेळी धावपळ होत नाही.

लोकेशन निवडताना स्वच्छतागृह जवळ नसेल असे बघा. मल्याळी चित्रपटसृष्टीतल्या बायकांच्या कामाच्या परिस्थितीवर हेमा समितीने जो अहवाल दिला, त्यात ही साधी गैरसोयही नोंदलेली आहे. सेटवर बायका तहान मारून बसतात, कारण पाणी प्यायले तर जायचे कुठे? अहवालाचे काय करायचे हेही तिथूनच शिका. तो डिसेंबर २०१९ मध्ये सरकारच्या हाती पडला आणि लोकांसमोर आला ऑगस्ट २०२४ मध्ये, तोही काही भाग वगळून. समिती नेमायला कधीच नाही म्हणू नये, कपाट मोठे असले की झाले.

पटकथेवर फार वेळ घालवू नका. नायिकेच्या हातात बंदूक द्या, भूतकाळात एक अत्याचार घाला, की 'सशक्त' झाली. शेवटच्या अर्ध्या तासात एक मोठा नट पाहुणा म्हणून आणा आणि जे तिला सुरुवातीपासून कळत होते ते त्याच्या तोंडून वदवा. पोस्टरवर तो पुढे, ती मागे. व्यंगचित्रकार ॲलिसन बेक्डेल यांच्या १९८५ मधल्या चित्रपट्टीतून आलेली ती कसोटी कुणी काढलीच (दोन बायका असाव्यात, त्यांनी एकमेकींशी बोलावे, आणि विषय पुरुष नसावा), तर दोन परिचारिकांना थर्मामीटर कुठे आहे यावर २० सेकंद बोलू द्या. पास.

खरी कारागिरी प्रदर्शनाची आहे. इथे हात आखडता घेण्याला पर्याय नाही. ट्रेलर दहा दिवस आधी आणा, तोही ज्या शुक्रवारी मोठ्या हिरोचा सिनेमा लागणार त्याच शुक्रवारसाठी. शो सकाळी ९.१५चा आणि रात्री १०.५०चा घ्या. सकाळी सव्वानऊला जी घरात डबे भरते किंवा ऑफिस गाठते, आणि रात्री दीडला जिला घरी परतायची भीती वाटते, नेमकी तीच तुमची प्रेक्षक आहे, हे लक्षात असू द्या. शिवाय हा प्रेक्षक पहिल्या दिवशी येतच नाही. आधी कुणीतरी बघून येते, ती चौघींना सांगते, मग चौघींना जमेल असा दिवस ठरतो, आणि तो बहुतेक दुसऱ्या आठवड्यात उजाडतो. थिएटरवाला मात्र शुक्रवार ते रविवारच्या भरलेल्या खुर्च्या मोजतो आणि सोमवारी शो कापतो. तुम्ही नुसते गप्प बसायचे आहे. पहिल्याच गुरुवारी सिनेमा उतरला, की दुसऱ्या आठवड्यातल्या त्या चौघी काउंटरवरून परत जातील आणि कुठल्याही आकड्यात दिसणार नाहीत. निष्काळजीपणा केलात तर काय होते ते २०२३ मध्ये 'बाईपण भारी देवा'ने दाखवले. शो टिकले, आणि बायका घोळक्याने येतच राहिल्या.

सिनेमा पडला की विश्लेषण करावे लागते. पुरुषाचा पडला तर संगीत कमजोर होते, पाऊस होता, क्रिकेट होते. बाईचा पडला तर बाई होती. पुरावे हवे असतील तर यादी तयार आहे: 'सुपरगर्ल' १९८४, 'कॅटवूमन' २००४, 'इलेक्ट्रा' २००५. सोनीच्या संगणकांतून फुटलेल्या २०१४ मधल्या एका ईमेलमध्ये मार्व्हलच्या प्रमुखांनी नायिकाप्रधान सुपरहिरोपटांविषयी हीच नावे पुढे केली होती. एकवीस वर्षांतले तीन सिनेमे! तिन्हींचे दिग्दर्शक पुरुष होते, हा तपशील बैठकीत काढू नये. चर्चा भरकटते.

एवढे करूनही सिनेमा चाललाच तर घाबरू नका. श्रेय इकडेतिकडे वाटून टाकता येते. 'बार्बी'ने २०२३ मध्ये जगभरात १४० कोटी डॉलरहून अधिक गल्ला जमवला, त्या वर्षी तिच्या पुढे कुणी नव्हते. पण दिग्दर्शनाच्या ऑस्करच्या नामांकनात तिच्या दिग्दर्शिका ग्रेटा गर्विग नव्हत्या. सिनेमा बाहुलीने केला असणार. किंवा गुलाबी रंगाने.

पुढचे काम देताना घाई नको. पॅटी जेन्किन्स यांच्या २००३ मधल्या पहिल्या सिनेमाने नायिकेला ऑस्कर मिळवून दिले. त्यांचा पुढचा चित्रपटगृहातला सिनेमा आला २०१७ मध्ये. मधली चौदा वर्षे टीव्हीची कामे आणि फिसकटलेले प्रकल्प. याउलट कॉलिन ट्रेव्हॉरो यांनी साडेसात लाख डॉलरांचा एक छोटा सिनेमा केला आणि तीन वर्षांत त्यांच्या हाती जुरासिक जगातले डायनासोर सोपवले गेले. पुरुषात शक्यता बघायची असते, बाईत अनुभव.

आणि सिनेमा इतका चालला की दुसरा भाग काढणे भाग पडले, तर रस्ता मळलेला आहे. कॅथरीन हार्डविक यांनी २००८ मध्ये 'ट्वायलाइट' उभा केला, पुढचे चारही भाग पुरुषांनी दिग्दर्शित केले. 'फिफ्टी शेड्स'चा पहिला भाग सॅम टेलर-जॉन्सन यांचा, पुढचे दोन पुरुषाचे. जोखीम तिची, मालिका त्यांची. प्रसिद्धिपत्रकात कारण वेळापत्रकाचे द्यावे, ते कुणाला खोडता येत नाही. तिचे आभार जरूर मानावेत, दोन ओळींत, आणि तिच्या आडनावाचे स्पेलिंग एकदा तपासून घ्यावे.