फोटो जातो, बाकी सगळं राहतं

दिवाळीत आम्ही सगळे गावी जमलो होतो, रत्नागिरीकडे. घर खाली वाडीत, तिथे रेंज नाही, वर सड्यावर चढून गेलं की दोन काड्या येतात. रात्री साडेदहाला भाची टॉर्च घेऊन निघाली. अकरावीत आहे. म्हटलं कुठे गं एवढ्या रात्री, तर म्हणे मावशी पाच मिनिटं, स्ट्रीक जाईल माझी. एकटीला कसं सोडणार, मी पण गेले सोबत. वर पोचल्यावर तिने समोरच्या काळोखाचा फोटो काढला, त्यावर नुसता स्ट्रीकचा एस लिहिला आणि चौदा जणांना पाठवून दिला. काय पाठवलंस म्हणून विचारलं तर म्हणाली, काही नाही गं, अंधार.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, स्नॅपचॅटवर दोघांनी रोज, म्हणजे 24 तासांच्या आत, एकमेकांना स्नॅप, म्हणजे फोटो किंवा व्हिडिओ, पाठवला की नावापुढे आगीचं चित्र आणि आकडा येतो, तीच स्ट्रीक. वेळ संपत आली की वाळूचं घड्याळ दिसतं आणि एक दिवस चुकला की आकडा शून्यावर. आता तर तुटलेली स्ट्रीक पैसे भरून परत सुद्धा घेता येते. भाचीची एका मैत्रिणीसोबत चारशेच्या वर आहे. बघा ना, ज्या अ‍ॅपची ओळखच मुळी फोटो गायब होतो अशी, तिथे पोरं जीवापाड जपतात तो मात्र एक आकडा!

मूळ कल्पना मला आजही आवडते, खरंच. 2011 मध्ये स्टॅनफर्डमधल्या इव्हान स्पीगल, बॉबी मर्फी आणि रेजी ब्राऊन या मुलांनी हे सुरू केलं, तेव्हा नाव होतं पिकाबू. बघितलं की फोटो जाणार. आपण वर्गात चिठ्ठ्या पास करायचो आणि वाचून झाली की फाडून टाकायचो, तसंच की. भाची आणि तिच्या मैत्रिणी एकमेकींना झोपेतून उठलेले, तोंडात ब्रश असलेले, नाक फुगवलेले चेहरे पाठवतात, त्यात छान दिसायचं टेन्शन नाही, लाइक मोजायचे नाहीत. सोळाव्या वर्षी असं मोकळं हसायला जागा मिळणं छोटी गोष्ट नाही. त्यामुळे आजकालची पोरं बिघडली वगैरे म्हणणाऱ्यांच्या रांगेत मला उभं करू नका.

पण गायब होतो म्हणजे नक्की कुठून गायब होतो हे पोरांना कुणी नीट सांगत नाही. 2014 मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने, म्हणजे तिथल्या ग्राहकांचं हित बघणाऱ्या सरकारी संस्थेने, याच मुद्द्यावर कंपनीला धरलं होतं, की तुम्ही मेसेज कायमचे जातात असं सांगता पण दुसऱ्या अ‍ॅपमधून समोरचा ते सेव्ह करू शकतो. कंपनीने समझोता केला आणि प्रायव्हसीवर 20 वर्षं बाहेरच्या तज्ज्ञाची देखरेख मान्य केली. स्क्रीनशॉट काढला तर अ‍ॅप सहसा कळवतं, बरोबर, पण समोरच्याने दुसरा मोबाईल धरून स्क्रीनचाच फोटो काढला तर कुठलं अ‍ॅप काय सांगणार?

ओळखीतल्या एका मुलीचं नेमकं हेच झालं, अशाच गायब होणाऱ्या चॅटवर. मुलाने दुसऱ्या फोनवर फोटो काढून ठेवले आणि नंतर धमक्या. तिने घाबरून त्याला ब्लॉक केलं, अ‍ॅप काढून टाकलं, आणि आईवडिलांना सांगायची हिंमत झाली तेव्हा दाखवायला तिच्याकडे एक ओळ नव्हती. त्याच्याकडे सगळं होतं. मला हा सगळा प्रकार इथेच भयंकर वाटतो, की जी विश्वास ठेवते तिचं पुसलं जातं आणि जो फसवतो त्याचं राहतं.

म्हणून घरात मुलं असतील तर एवढं त्यांच्या कानावर घालाच. धमकी आली की ब्लॉक करायच्या आधी दुसऱ्या फोनने चॅटचा फोटो काढायचा, युजरनेम लिहून घ्यायचं, कारण वर दिसणारं नाव कुणीही बदलू शकतो. सरकारच्या सायबर क्राइम पोर्टलवर बायका-मुलांच्या बाबतीतली अशी तक्रार नाव न देता पण करता येते. अठराच्या आतल्या मुलांसाठी टेक इट डाऊन नावाची फुकट सेवा आहे, त्यात फोटो कुणाला द्यावा लागत नाही, आपल्याच फोनवर त्याचा डिजिटल ठसा तयार होतो आणि त्यात सामील असलेली अ‍ॅप्स त्यावरून तो फोटो शोधून काढून टाकू शकतात. आणि पैसे मागितले तर द्यायचे नाहीत, एकदा दिले की मागणं थांबत नाही.

त्या रात्री सड्यावर अजून एक कळलं. रेंज नसेल तर स्ट्रीक टिकावी म्हणून भाचीने गावी यायच्या आधी पासवर्ड मैत्रिणीला देऊन ठेवला होता. म्हणजे सगळं अकाउंटच! मॅपवर ती कुठे आहे ते पण सगळ्या फ्रेंड्सना दिसत होतं, त्यातल्या तिघांना ती कधी भेटलेली सुद्धा नाही. तिथेच उभं राहून पासवर्ड बदलला, मॅपवर घोस्ट मोड लावला, म्हणजे ती कुठे आहे ते फ्रेंड्सना दिसत नाही. अ‍ॅप काढ म्हणाले नाही, म्हणणार पण नाही. खाली उतरताना तिला एवढंच सांगितलं, बाळा, कधी काही झालं तर पहिला फोन मला कर, रात्री दोनला कर, मी ओरडणार नाही. ती गप्प चालत होती, मग हळूच म्हणाली, आईला सांगशील? म्हटलं, आपण दोघी मिळून सांगू.