पहिलं घर लावणाऱ्यांना मिळणारे पाच नियम, आणि त्यांचं काय चुकतं

पहिलं घर ताब्यात आलं की कुणी ना कुणी एक यादी हमखास पाठवतं. लहान घर मोठं आणि सुंदर दिसावं म्हणून त्यात पाच नियम सांगितलेले असतात: भिंती पांढऱ्याच ठेवा, फर्निचर लहान घ्या आणि भिंतीला चिकटवा, छताला भरपूर दिवे लावा, मोठा आरसा टांगा, आणि सगळं काम संपवूनच राहायला जा. पहिल्यांदा घर लावणारा माणूस आधीच गोंधळलेला असतो, त्याला असा ठामपणा हवाहवासा वाटतो. पण त्या घरात माणसं वावरणार कशी, हा प्रश्न यातला एकही नियम विचारत नाही. माझा मुख्य आक्षेप तिथेच आहे.

पांढऱ्या रंगाचा नियम अर्धा खरा आहे. पांढरी भिंत तिच्यावर पडलेल्या उजेडापैकी साधारण ८० टक्के किंवा त्याहून जास्त परत फेकते. पण त्यासाठी उजेड आधी खोलीत यावा लागतो. थेट ऊन न येणाऱ्या खोलीत पांढरी भिंत राखाडी आणि उदास दिसते. तिथे फिकट पिवळसर किंवा मातकट छटा जास्त जिवंत वाटते. शिवाय भिंत एकटी नसते. लालसर फरशीवरून उसळलेला उजेड पांढऱ्या रंगाला गुलाबी झाक देतो. म्हणून दुकानातल्या छोट्या तुकड्यावरून रंग ठरवू नका. मोठ्या पुठ्ठ्यावर रंग लावून तो सकाळी, दुपारी आणि रात्री दिव्याखाली, वेगवेगळ्या भिंतींशी धरून बघा.

लहान फर्निचरचा सल्ला मला सगळ्यात नुकसानीचा वाटतो, कारण खरा पैसा तिथे जातो. आखूड सोफा, दोन खुर्च्या आणि तीन स्टुलं यांच्यापेक्षा एकच पुरेसा मोठा सोफा खोली मोकळी ठेवतो. वस्तू जितक्या जास्त, तितके पाय, कडा आणि मधल्या अडगळीच्या फटी जास्त. विचार करायचा तो वस्तूभोवती उरणाऱ्या जागेचा. ये-जा करायच्या वाटेला ७५ ते ९० सेंटीमीटर हवेत. सोफा आणि टीपॉय यांच्यात ४० ते ४५ पुरतात. जेवायच्या टेबलाशी प्रत्येकाला ६० सेंटीमीटर रुंदी लागते, आणि खुर्ची मागे सरकवून उठायला टेबलाच्या कडेपासून किमान ७५. खरेदीआधी वस्तूच्या मापाची वर्तमानपत्रं जमिनीवर चिकटवा आणि त्यांच्याभोवती चालून बघा. कपाटाचं दार उघडल्यावर कुठवर येतं, तेही आखा.

१९२६ मध्ये वास्तुरचनाकार मार्गारेटे श्युटे-लिहोट्स्की यांनी जर्मनीतल्या फ्रँकफर्टच्या नव्या वसाहतींसाठी जे स्वयंपाकघर आखलं, ते साधारण १.९ मीटर बाय ३.४ मीटरचं होतं. कामाच्या हालचाली आणि लागणारी पावलं यांचा अभ्यास करून त्यांनी प्रत्येक वस्तूची जागा ठरवली. त्यातली कपाटं निळसर-हिरवी रंगवलेली असत. खोली एवढीशी, रंग पांढरा नाही, आणि तरी त्या आखणीकडे आजही आदर्श म्हणून पाहिलं जातं.

भिंतीला चिकटवण्याबद्दल थोडक्यात. अरुंद खोलीत दुसरा पर्याय नसतो, तिथे चिकटवाच. पण रुंद खोलीत सगळं कडेला ढकललं की मधे ओसाड मैदान उरतं आणि समोरासमोर बसलेल्यांना आवाज चढवून बोलावं लागतं. तिथे बैठक पुढे ओढा.

छतावरच्या दिव्यांची संख्या वाढवून उजेड वाढतो, सोय वाढेलच असं नाही. ओट्याशी उभं राहिलं की मागच्या छतावरच्या दिव्यामुळे आपलीच सावली कापायच्या भाजीवर पडते. तिथे दिवा हवा वरच्या कपाटाच्या तळाशी. वाचायला तो खांद्याच्या बाजूला हवा. विसाव्याच्या खोल्यांत २७०० ते ३००० केल्विनचा (केल्विन म्हणजे प्रकाशाच्या रंगछटेचं माप) पिवळसर प्रकाश ठेवा, कामाच्या जागी ४००० केल्विन चालतो. ६५०० केल्विनचा निळसर पांढरा प्रकाश झोपायच्या खोलीत मला अजिबात पटत नाही. एकाच खोलीत दोन तऱ्हेचा प्रकाश मिसळला तर उत्तम रंगही मळका दिसतो. आणि कृपा करून फर्निचरचा नकाशा आधी काढा, विजेचे पॉइंट नंतर ठरवा. उलट झालं की स्विच कपाटामागे जातात.

आरसा समोर असेल ते दुप्पट करतो, पसारासुद्धा. त्यात काय दिसणार ते पाहून मगच खिळा ठोका. खिडकीला काटकोनातली भिंत बहुतेक वेळा बरी.

राहिला शेवटचा नियम. तोडफोड, ओल रोखणं, नळ, वायरिंग, फरशी आणि रंग ही कामं राहायला जाण्याआधीच संपवावीत, यात वाद नाही. पण भिंतीत पक्की बसवायची कपाटं आणि शोभेच्या वस्तू थांबू शकतात. पलंग, एक टेबल, बसायची सोय, पडदे आणि दोन-तीन सुटे दिवे एवढ्यावर घर सुरू होतं. काही आठवडे राहिल्यावर कुठल्या खिडकीतून दुपारचं ऊन डोळ्यांवर येतं, घरातलं कोण कुठे बसून काम करतं, बाहेरून आल्यावर पिशव्या आणि किल्ल्या कुठे टाकल्या जातात, हे आपोआप कळतं. सुताराला बोलवाल तेव्हा त्याला त्याच जागा दाखवा.