२५२०चं कौतुक करा, पण रामानुजन यांना कशाला ओढता?

सावद्याच्या आत्याने घरच्या ग्रुपवर टाकलेला मेसेज तुमच्याकडेही फिरून गेला असेल. २५२० ही १ ते १० या सगळ्यांनी भाग जाणारी जगातली एकमेव संख्या; सम आणि विषम दोन्हींनी निःशेष भाग जाणं अशक्य, असं गणितज्ञ धरून बसले होते; मग ती रामानुजन यांनी शोधली; आणि तिचं गुपित म्हणजे ७ वार × ३० दिवस × १२ महिने. खाली हात जोडलेले.

भाग जातो, हे खरं. बाकीचं बघू.

एकमेव म्हणाल तर ५०४० घ्या, ७५६० घ्या. २५२०चा पाढा म्हणत जा, त्यातली प्रत्येक संख्या चालते. २५२० त्यांत सगळ्यांत लहान, एवढंच. म्हणजे शाळेतला आपला लसावि, लघुतम सामाईक विभाज्य. क्लासमध्ये मी तो फळ्यावर असा मांडतो: ८ साठी २×२×२ लागतात, ९ साठी ३×३, मग एक ५ आणि एक ७. संपलं. ४ आठाच्या पोटात आहे, ६ आणि १० आपसूक येतात. ८×९×५×७ = २५२०. पोरं दोन मिनिटांत काढतात.

सम-विषमाचं काय बोलावं! अर्धा डझन केळी दोघांत वाटा नाहीतर तिघांत. हे केळीसाठी ओळखल्या जाणाऱ्या सावद्यात मी सांगायचं का?

आता शोध. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त, म्हणजे ११५० साली, अपूर्णांकांचे छेद सारखे करायची रीत आहे: आधी छेदांना सामाईक अवयवाने भागून घ्या, मग गुणा. लसाविच तो. त्याआधी नवव्या शतकात महावीराचार्यांनी लसाविला ‘निरुद्ध’ असं नावही दिलं होतं. भास्कराचार्यांसाठी तर लांब जायला नको. चाळीसगावजवळ पाटणला शके ११२८चा शिलालेख आहे, त्यांचे ग्रंथ शिकवायला नातू चांगदेवाने मठ स्थापल्याचा. पाटणादेवीला आपण गाड्या भरून जातो, नारळ फोडतो आणि परत येतो.

रामानुजन यांचा २५२०शी खरा संबंध मात्र मेसेजात नाहीच. १९१५ साली त्यांचा एक मोठा निबंध लंडनला छापून आला. विषय: आपल्याहून लहान कुठल्याही संख्येपेक्षा जास्त विभाजक असलेल्या संख्या. २५२० त्यांतलीच एक. तिला ४८ विभाजक, तिच्याहून लहान कुणालाच तेवढे नाहीत. अशा संख्यांची यादी त्यांनी थेट ६७,४६,३२,८३,८८,८०० पर्यंत नेली. हिला १०,०८० विभाजक! त्या यादीत एक संख्या सुटली: २,९३,३१,८६,२५,६००. तिला २३ ने गुणलं की यादीतली ती शेवटची संख्या येते. मी कागदावर ताळा करून पाहिला. हे असतं तर मेसेज मीच पुढे पाठवला असता.

राहिलं पंचांग. गुणाकार बरोबर आहे, पण दिवसांना वारांनी गुणून हाती लागतं काय? खरी गंमत साधी आहे. ३०×१२ = ३६०. याला १ ते १० पैकी एकट्या ७ ने भाग जात नाही. ती उणीव ७ ने गुणून भरली, की २५२० तयार. तसे ५×७×७२ केले तरी २५२०च येतात, फक्त त्याचं कॅलेंडर छापून मिळत नाही.