मॅस्टोडॉनवरील हिरव्या खुणेबाबत खुलासा

‘मॅस्टोडॉनचा कोड खुला असल्याने तेथे बनावट खाते टिकूच शकत नाही आणि हिरवी खूण असलेल्या व्यक्तीची ओळख तपासलेली असते,’ असा संदेश मॅस्टोडॉन या समाजमाध्यमाबद्दल सध्या फिरत आहे. त्याचा उत्तरार्ध माझ्याच एका जुन्या पोस्टमधून उचललेला दिसतो; ते वाक्य चुकीचे होते आणि ती चूक माझी आहे.

प्रत्यक्षात ही खूण व्यक्तीची नव्हे, तर दुव्याची असते. खातेदाराने प्रोफाइलवर एखाद्या वेबपानाचा पत्ता दिला आणि त्या पानावर ‘रेल-मी’ (rel=me, म्हणजे ‘हे माझेच’ असे सांगणारे) हे चिन्हांकन असलेला, प्रोफाइलकडे परतीचा दुवा सापडला, की सर्व्हर त्या पत्त्यासमोर हिरवी खूण आपोआप दाखवतो. त्यामुळे खातेदाराचा त्या पानावर ताबा आहे एवढेच कळते. कोणतेही ओळखपत्र कोणी पाहिलेले नसते. मी स्वतःच्या पानावर हे करून पाहिले, तेव्हा मला कोणी नावही विचारले नाही. (नावापुढे दिसणारी निळी खूण तर बहुधा निव्वळ इमोजी असते.)

कोड खुला असणे ही वेगळी बाब आहे. मॅस्टोडॉनचा कोड एजीपीएल या मुक्त सॉफ्टवेअरच्या परवान्याखाली कोणालाही वाचता येतो, म्हणून पडताळणीची पद्धत तपासता येते, खातेदार नव्हे. ट्विटरने 31 मार्च 2023 रोजी पोस्ट सुचवणाऱ्या शिफारस-प्रणालीच्या कोडचा काही भाग खुला केला, तेव्हाही तेथील निळी खूण वर्गणी भरून मिळतच होती.

कृपया तो संदेश पुढे पाठवू नये. पाठवला असल्यास त्याच गटात हा खुलासाही द्यावा.